रिमोट मागणारा शेजारी

कोणाच्याही घरी गेला की पाणी नंतर, रिमोट आधी. दारात चप्पल काढायची, टीव्हीकडे एकदा डोळे बारीक करून पाहायचं आणि म्हणायचं, "चाची, रिमोट कुठी हाय?" तुम्ही सिरियल पाहत असा नाहीतर बातम्या, हा टीव्हीच्या पुढ्यात मधोमध उभा राहणार, त्याच्या सेटिंगच्या पोटात शिरून काय काय उघडणार आणि रंग खाली उतरवणार. आमच्याकडे नवा टीव्ही आला त्या दिवशीही हेच. दुकानदाराने तो असा भडक लावून दिला होता की बातम्या देणाऱ्या बाईचे गाल टमाट्यासारखे लालबुंद. आमचे मियाँ त्यावर बेहद्द खूश. याने बघता बघता त्या बाईला माणसात आणलं.

"फिका केला ना बे टीव्ही!" मियाँ ओरडले.

"फिका नाई चाचा, खरा केला. आता पहा, बाई दिसून राह्यली. आधी गुलाबजामुन दिसत होती."

मियाँ बरेच दिवस धुसफुसत होते. पुढे मात्र पाहुणा आला की तेच सांगायला लागले, आमचा टीव्ही साधा नाही, त्याचा रंग खरा आहे. माणसाचं असंच असतं.

चामोर्शीत बाजाराच्या रस्त्यावर माझं शिवणकामाचं दुकान आहे, मागे घर. त्याचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. तो कॉम्प्युटर-मोबाइलवरच्या खेळांचे प्रोग्राम लिहायचा. पण खेळ म्हणजे उड्या आणि मारामाऱ्या त्याच्याकडे नव्हत्या, त्याच्याकडे होता उजेड. मी एकदा विचारलं, बाबा, तू नेमकं करतोस काय? तर म्हणाला, "चित्रं दुसरे काढतेत चाची. त्याच्यावर ऊन कसं पडन, सावली कुठी जाईन, पाणी कसं हालन, ते मी सांगतो कॉम्प्युटरले."

"म्हणजे कापड लोकाचं, शिलाई तुझी."

तो खूप हसला. पुढे कोणीही त्याचं काम विचारलं की तो हेच सांगायचा, आणि शिलाईचे शब्द माझे आहेत हेही सांगायचा. असे लोक कमी असतात हो. बाकीचे आपला शब्द उचलतात आणि आपल्यालाच ऐकवतात.

त्याचा कीबोर्ड जुन्या धाटणीचा, ठोकळ्यासारखा, खडखड वाजणारा. माझं मशीन इकडे खडखड, त्याचा कीबोर्ड तिकडे खडखड. गिऱ्हाईक बायका विचारायच्या, "अवो, तिकडेही टेलर बसला का?" मी म्हणायची, हो, इंग्लिश टेलर. एवढा पगार घेतोस तर बिनआवाजाचा कीबोर्ड घे ना, असं मी त्याला म्हटलं, तर म्हणाला, "बिनआवाजाच्या कीबोर्डवर बोटाले समजत नाई का काम झालं म्हणून. तुमचं मशीन मुकं केलं त चालन का तुमाले?" नसतं चालणार.

बाजारात येणाऱ्या प्रत्येक नव्या वस्तूवर त्याचं मत तयार असायचं. काठ वाकवलेल्या फोनवर त्याचा भारी राग. "हा फोन हातात धराले नाई, शोकेसमधी ठेवाले केला." झोप मोजणाऱ्या घड्याळावर तर बोलायलाच नको. आमच्या भाच्याने ते हौसेने हातात घालून दाखवलं, तर याने शांतपणे विचारलं, "रात्री चांगला झोपला का तू?" भाचा घड्याळात पाहायला लागला. "पहा चाची, आता झोप झाली का नाई हे याले दुसऱ्याले विचारा लागते!" भाचा असा खजील झाला की चहा न पिताच गेला.

नव्या महागड्या फोनचं त्याला अप्रूप नव्हतं. त्याला हवे असायचे आमच्यासारख्यांचे फोन. मियाँचा जुना फोन, काच तडकलेली, पाठ रबराने बांधलेली, तो फोन हा मागून न्यायचा आणि त्यावर कंपनीचा खेळ चालवून पाहायचा. शनिवारच्या भर उन्हात बाजारात उभा राहून खेळ उन्हात दिसतो का म्हणून त्या फोनच्या काचेकडे टक लावून पाहत राहायचा. लोकांना वाटायचं, पोट्ट्याला काहीतरी झालं. तो म्हणायचा, "चाचाच्या फोनवर चालला त दुनियेत चालन." मियाँना याचा फार गर्व. मस्जिदीच्या बाहेर सांगायचे की माझ्या फोनशिवाय त्या कंपनीचं पान हलत नाही.

माझा खरा फायदा झाला तो धाग्यात. हल्ली बायका साडीचा फोटो पाठवतात आणि म्हणतात, मॅचिंग अस्तर घेऊन ठेवा. एकीने घोट गावातून फोटो पाठवला, मला दिसला रामा कलर. मी रामा अस्तर आणलं, फॉल आणला, आणि साडी आली ती मोरपंखी. असा संताप आला! फोन आपटणारच होते. याने तो माझ्या हातातून घेतला. "चाची, फोनची चूक नाई. त्याले पांढरा कसा असते तेच माहीत नाई त्या खोलीत. बायकाइले सांगा, साडीच्या बाजूले पांढरा कागद ठेवून फोटो काढा." मी दुकानात पाटी लावली, फोटोत पांढरा कागद ठेवावा. बायका हसल्या, पण तेव्हापासून माझं अस्तर चुकलं नाही.

आणि एक शब्द त्याच्या तोंडात अखंड असायचा. "मोजलं का?" फोन हळू झाला म्हटलं, तर मोजलं का? पंखा कमी फिरतो म्हटलं, तर मोजलं का? त्याच्या कामात एक हत्यार होतं, प्रोग्रामची कुठली ओळ किती वेळ खाते ते दाखवणारं, आडव्या पट्ट्यांनी. त्याच्यावर त्याचा जीव. बाकी सगळ्या हत्यारांवर तोंडसुख. हल्ली ते नवीन निघालं ना, आपण सांगायचं आणि ते प्रोग्राम लिहून देतं, ते त्याच्या कंपनीनेही आणलं. मी विचारलं, कसं आहे रे?

"हुशार हाय चाची. मेहनती हाय. पण 'मले माहीत नाई' हे त्याच्या तोंडून निघत नाई. आणि चुकीचं सांगतानी त जास्तच गोड बोलते."

"मग काढून टाक."

"काढून काऊन टाकू? कामाचा गडी हाय. फक्त त्यानं कापलेलं कापड मी पुन्हा मोजतो."

मापाशिवाय कात्री चालवू नये, हे मला माझ्या अम्मीने शिकवलं होतं. त्यामुळे आमचं दोघांचं जमायचं. माझा जीव होता त्या पोट्ट्यावर, सरळ सांगते.

पोट्टा म्हणते, पण चाळिशीला टेकला होता. लग्न नव्हतं. एकदा चिमूरकडे मुलगी पाहायला गेले. पोहे आले, मुलगी आली, आणि याची नजर टीव्हीवर. तिथेही याने रिमोट मागितला! मुलीच्या बापाने मध्यस्थाला बाजूला घेऊन विचारलं, पोरगा इंजिनिअर सांगितला होता, हा तर टीव्हीचा मेकॅनिक दिसून राह्यला. ते स्थळ तिथेच बारगळलं. घरी आल्यावर आईने जो उद्धार केला तो भिंतीतून आम्ही सगळा ऐकला. याचं उत्तर एवढंच, "आई, टीव्हीच्या उजेडानं तिच्या काकाचं तोंड जांभळं दिसत होतं. मी कसा बसू तिथी?"

आता त्याच्या आईचं सांगते, कारण सगळं येऊन थांबतं तिथेच. तिला सारं गाव बाई म्हणतं. अंगणवाडीची सेविका होती. अर्ध्या गावाला पहिलं अक्षर तिने गिरवायला लावलं. सासरी आली तेव्हा चौथी झालेली, पुढचं सगळं लग्नानंतर शिकली. तिच्या घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली पुस्तकांची रांग, आणि पेपर तर पहिल्या पानापासून निधनवार्तेपर्यंत. सकाळी पेपर आला नाही तर बाईला जेवण जात नसे.

त्या बाईच्या डोळ्यांना काचबिंदू झाला. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर येत नाही, उरलेली औषधाच्या थेंबांनी राखायची. हा हैदराबादला होता, तेव्हाच तिथून उठून घरी आला. कंपनीने घरून काम करू दिलं. बाईला हैदराबादला चल म्हटलं तर तिने साफ नाकारलं. "इथी डोळे मिटून चाललं तरी घर माहीत हाय मले. तिथी त्या खोक्यात मी काय करू? पिशवीवानी कोपऱ्यात ठेवशीन मले."

मग हा कामाला लागला. आईसाठी त्याने फोनवर एक प्रोग्राम केला. पेपरवर फोन धरायचा, की त्यातलं अक्षर मोठं, पिवळं, काळ्या पाटीवर दिसायचं. कधी पिवळं कमी कर, कधी अक्षर जाड कर, असं चाललेलं असायचं. कोणत्या रंगावर आईची नजर ठरते ते तो मोजत बसायचा. जगातली सगळी यंत्रं तो आता एकाच गोष्टीने मापायला लागला, आईला दिसेल की नाही. आणि खरंच, सुरुवातीला बाई वाचायच्या. ठळक बातमी वाचून झाली की आम्हाला भिंतीतून हाक यायची, "टेलरीनबाई, ऐकलं का?" त्या दिवसांत तो शीळ वाजवत काम करायचा.

मग हैदराबादचा निरोप आला. मोठं काम होतं, त्याला प्रमुख करणार होते, पण तिथे जाऊन राहावं लागणार होतं. असं काम त्याच्या वाट्याला आयुष्यात पहिल्यांदा आलं होतं. त्याने बाईला सांगितलं, तू तुझं तुझं वाचू शकली, औषधावरचं नाव पाहू शकली, तर मी जातो, नाहीतर नाही. बोलून मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पेपर घेऊन माझ्या दुकानात आल्या, भिंतीला हात लावत लावत. हा उशिरा उठायचा. बाई खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "टेलरीनबाई, मले पेपर वाचून दाखव. रोज. तो उठाच्या आधी."

"काऊन? फोन बिघडला का?"

"फोन चांगला हाय. डोळे संपले."

मी कात्री खाली ठेवली. बाई सांगत होत्या, बऱ्याच दिवसांपासून पिवळंही दिसत नाही, नुसतं धुकं. त्याला सांगितलं तर तो जाणार नाही. म्हणून सकाळी मी वाचायचं, त्यांनी पाठ करायचं आणि संध्याकाळी त्याच्यासमोर फोन धरून म्हणून दाखवायचं.

मी चिडले. "बाई, हे खोटं हाय. आणि तो मोजणारा माणूस हाय."

"माझं पोरगं मले मोजन?" बाई म्हणाल्या. "वाच."

मी वाचलं. चूक केली असं मी आजही म्हणणार नाही. ज्या बाईने मला रेशनकार्डावरचं माझंच नाव वाचायला शिकवलं होतं, प्रौढांच्या रात्रशाळेत नंतर गेले मी, तिला मी नाही म्हणू? मी वाचायची, बाई डोळे मिटून ऐकायच्या, ओठ हलायचे. अंगणवाडीत शेकडो पोरांची गाणी पाठ ठेवलेलं डोकं ते. संध्याकाळी हा समोर बसायचा आणि बाई घडाघडा वाचायच्या. तो इतका आनंदला! माझ्या दुकानात येऊन सांगायचा, "चाची, आई माझ्याहून जोरात वाचते आता." मी मान खाली घालून बटणांचे काज करत बसायची. त्याने कंपनीला होकार कळवला. बॅग काढली, कीबोर्ड जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळायला घेतला.

पण नजर शेवटी त्याची होती. एका संध्याकाळी मी बाईंच्या ब्लाउजची बाही सैल करायला त्यांच्या ओसरीवर बसले होते. बाई वाचत होत्या आणि हा त्यांच्या हाताकडे पाहत होता. मला नंतर त्यानेच सांगितलं. अक्षर मोठं केलं की फोनमध्ये जेमतेम दोन-तीन शब्द मावतात, ओळ वाचायची तर फोन सरकवत न्यावा लागतो. बाईंचा हात जागचा हलत नव्हता.

दुसऱ्या संध्याकाळी, मी उरलेली बाही घेऊन तिथेच असताना, त्याने नेहमीसारखा फोन बाईंच्या हातात दिला, पेपर मांडीवर सरळ करून दिला. फोन त्याने बंद केलेला होता. काळी काच. मला समोरून स्पष्ट दिसत होती.

बाईंनी फोन पेपरवर धरला, पुढे वाकल्या आणि वाचायला लागल्या. "पोंभुर्णा तालुक्यात शेतशिवारात वाघ, गावकऱ्यांनी वाट बदलली..." मध्ये स्वल्पविराम आला तिथे थांबल्यासुद्धा. पुढची सगळी बातमी, एक शब्द इकडचा तिकडे नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. माझी सुई बोटात गेली तरी मला कळलं नाही.

"बरोबर वाचलं ना?" बाईंनी विचारलं.

"बरोबर, आई," तो म्हणाला आणि आत गेला. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून कीबोर्ड वाजला नाही.

सकाळी बाईंच्या आधी तोच माझ्या दुकानात आला. उभाच राहिला. "चाची, तुमी वाचून दाखवता?"

"हो."

"मले सांगतलं काऊन नाई?"

"तुझ्या आईनं नको म्हटलं म्हणून. तू फोनचा उजेड मोजला, अक्षर मोजलं, सगळं मोजलं. तिले बाजूले बसून विचारलं का, आई, तुले काय पाहिजे?"

तो रडेल असं मला वाटलं. पण तेवढ्यात बाई पेपर घेऊन दारात आल्या. त्याचा श्वास त्यांनी ओळखला असावा. "तू उठला काऊन इतक्या लवकर?"

"आई, काल फोन बंद होता."

"काल कवा?"

"वाघाची बातमी वाचली तू, तेव्हा. काच काळी होती."

मग बाईंनी पेपर माझ्या टेबलावर ठेवला आणि जी तोफ डागली! "मंग? आंधळी झाली त मेली का मी? तुले सरळ जा म्हटलं असतं त गेला असता का? नाई गेला असता. म्हणून वाचलं! लोकाइच्या पोराइले मी शाळेत ढकललं, रडत होते तरी ढकललं. आणि माझा पोरगा माझ्या पदराले धरून बसला, हे मी सांगू गावाले?"

"मी नाई जात, आई."

"तू नाई गेला त मी डोळ्यात थेंब टाकणं बंद करतो. आता थेंब टाकून तरी काय मिळून राह्यलं मले!"

बाई एकदम खाली बसल्या, माझ्या चिंध्यांच्या गाठोड्यावरच. इतका वेळ आवाजाने धरून ठेवलेलं सगळं सुटलं. तो त्यांच्यासमोर जमिनीवर बसला आणि त्यांचे दोन्ही हात धरून राहिला. मी शटर अर्धं खाली ओढलं. गिऱ्हाईक गेलं चुलीत.

मग त्याने विचारलं, "आई, तुले पेपरच पाहिजे ना?"

"पेपर पाहिजे. आणि तुझा आवाज कानावर पडला पाहिजे. बाकी घर मले माहीत हाय."

"मंग रोज सकाळी मीच वाचन. तिथून."

आणि तो गेला. कसा गेला म्हणाल तर बॅग एक, टॉवेलमधला कीबोर्ड आणि मियाँचा तडकलेला फोन. बदल्यात मियाँना नवा घेऊन दिला. मियाँ महिनाभर नाराज होते. जाण्याआधी त्याने तो पिवळ्या अक्षरांचा प्रोग्राम आईच्या फोनमधून काढून टाकला. इतके दिवस खपून केलेला! मी हळहळले तर म्हणाला, "चाची, ज्याच्यासाठी शिवला त्याच्या अंगाले येत नाई त तो सदरा खुंटीवर कायले ठेवाचा?"

आता रोज सकाळी बाई ओसरीवर बसतात. त्याचा व्हिडिओ कॉल येतो, बाई फोन बोटाने चाचपून उचलतात आणि पेपरवर धरतात. फोनच्या पाठीवरच्या कॅमेऱ्यातून त्याला तिकडे पेपर दिसतो. "वर घे आई. अजून. तुझा अंगठा बातमीवर हाय." मग तो वाचतो. मध्ये मध्ये त्याची मतं असतातच. नव्या फोनची जाहिरात आली की ती वाचायची नाही, नुसता हसतो. कुणी गेल्याची बातमी आली की बाई म्हणतात, याचा पोरगा माझ्या अंगणवाडीत होता. मी समोरच्या पायरीवर बटणं लावत बसते. दुकान थोडं उशिरा उघडलं तरी चालतं.

पेपर संपला की तो म्हणतो, "आता पलटव." बटणं दाबायची कटकट नको म्हणून त्याने आईला शिकवलं आहे, फोन फक्त उलटा धरायचा. बाई फोनची पाठ आपल्या तोंडाकडे करतात आणि पदर नीट करून ताठ बसतात. तिकडे त्याला आई दिसते. आणि फोनची काच येते माझ्या बाजूला.

म्हणजे तो पाहतो आईकडे आणि मला दिसतो तो. हैदराबादच्या कुठल्याशा खिडकीत बसलेला, दाढी वाढलेली, आईला डोळे भरून पाहत असतो. आवाज अगदी साफ ठेवतो, औषध टाकलं का, मिरची कमी खा, चाचाचा फोन कसा हाय, आणि गालांवरून पाणी वाहत असतं. पुसतसुद्धा नाही.

परवा बाई म्हणाल्या, "तुझा आवाज बसला काऊन?"

"इथी एसी हाय ना आई. सर्दी झाली."

"काढा घेजो."

फोन बंद झाला. बाईंनी पेपरची घडी केली, कडा बोटांनी जुळवल्या. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "रडत होता ना?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं, पण निघालं "हो."

"रोज?"

"रोज."

बाईंनी ती घडी मांडीवर थोपटली. "रडू दे," त्या म्हणाल्या. "मले दिसत असतं त त्यानं रडू आवरलं असतं." मग चहाच्या कपासाठी हात पुढे केला आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "टेलरीनबाई, त्याले सांगजो नोको हं, मले समजते म्हणून."